यादीतली चौथी ओळ

हे मी मराठीत लिहितोय, त्यात माझी एक सोय आहे. आमच्या घरात मराठी सगळेच बोलतात, म्हणजे हैदराबादेत बोलतात तशी, निम्मी तेलुगू, पाव दखनी आणि उरलीसुरली मराठी. वाचता मात्र कुणालाच येत नाही. नातीच्या हातात एकदा लग्नाची पत्रिका दिली तर ती पहिल्याच जोडाक्षराशी अडली आणि पत्रिका माझ्याकडे परत केली. बायको वाचायची. ती होती तोवर मी यातली एक ओळही लिहिली नाही. आता ती नाही, म्हणून लिहितोय. तेव्हा याला कुणी धीटपणा म्हणू नये.

हैदराबाद राज्य फुटलं तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि एका सरकारी खात्यात अहलकार होतो. अहलकार म्हणजे साधा कारकून. राज्याचे तीन वाटे झाले, मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे आणि तेलुगू आंध्राकडे. वर्तमानपत्रात हे एका दिवसात झालं. आमच्या खात्यात ते वर्षभर चाललं होतं. कपाटं मोजली, खुर्च्या मोजल्या, मिसलींचे, म्हणजे फायलींचे, गठ्ठे सोडून पुन्हा तीन ठिकाणी बांधले. भिंतीवरच्या एका घड्याळावरून दोन शाखांचे लोक आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. घड्याळ बंद होतं, तरीही.

माणसांचीही वाटणी होतीच. ज्याचा जिल्हा जिकडे, तो तिकडे. मी गोदावरीकाठच्या मराठी जिल्ह्यातला, तेव्हा मला इथून जाणं होतं. पण मला जायचं नव्हतं. हैदराबादेत मला पाच वर्षं झाली होती, कोठी भागात खोली होती, सकाळी इराण्याकडे चहा होता, आणि मुख्य म्हणजे आमच्या शाखेच्या मुन्तजिमसाहेबांना एक लग्नाची मुलगी होती.

मुन्तजिम म्हणजे शाखेचे मुख्य. ते मराठीच होते, पण दोन पिढ्या इथल्याच नारायणगुड्यात काढलेले. शेरवानी घालत, उर्दू झकास लिहीत, आणि मराठी बोलताना 'हौ' आणि 'नक्को' सहज त्यांच्या तोंडात येई. एका रविवारी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. मुलगी चहा घेऊन आली, ट्रे ठेवला आणि गेली. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही, पण मला ती आवडली. त्या वयात एवढं पुरे होतं.

"घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"आईवडील गेले. थोरली बहीण आहे. विधवा. माहेरीच असते."

"शेती?"

"आहे थोडी. वाट्यानं दिलीय."

"बरंय. मला काय की, मला सगळं चालतं. पण मुलीच्या आईला ती घरं नक्को वाटतात, जिथं बायका दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात."

"आमच्यात तशी पद्धत नाही," मी म्हणालो.

हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. हलायला हवा होता, कारण माझी अक्का, माझी ती थोरली बहीण, त्याच वेळी सरकारी कापसाच्या फार्मवर रोजंदारीनं कामाला जात होती. चार वर्षं झाली होती जायला लागून.

याबद्दल जरा सांगायला हवं, नाहीतर ती बिचारी राबत होती असं वाटेल आणि ते खोटं आहे. आमचं घर पाटलांच्या भावकीतलं. पाटीलकी दुसऱ्या घरात, जमिनी तिसऱ्याच घरात, आणि आमच्या वाट्याला आला होता फक्त ताठा. आमच्या बायका डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्याच्या आत असायच्या. स्वतःच्या शेतात गेल्या तरी ऊन उतरल्यावर जायच्या. अक्का नवरा वारल्यावर माहेरी आली तेव्हा पंचवीसचीही नव्हती. आधी चार भिंतींत बसली. मग गावापासून कोसभरावर सरकारनं कापसाचा फार्म काढला आणि तिथं बायका घ्यायला लागले.

आमच्या भागात तोवर बाईच्या मजुरीची रीत वेगळी होती. खुरपणी, वेचणी, काढणी, ज्याचं शेत तो सुपात धान्य घालणार, आणि कुणाच्या शेतात जायचं तेही घराण्याघराण्यांत आधीच ठरलेलं. फार्मवर तसं नव्हतं. तिथं शिट्टी होती, हजेरीपट होता, आठवड्याची सुट्टी होती, आणि पाटलाची असो की गावकुसाबाहेरची, बाई एकाच रांगेत उभी राहत होती. भावकीला मजुरीपेक्षा ती रांग जास्त लागली. अक्का पहिले काही महिने झुंजूमुंजू व्हायच्या आत मागच्या दारानं निघायची. मग सगळ्या गावाला कळलं, आणि गावानं ठरवून टाकलं की आपल्याला काही दिसत नाही. समोरून आली तरी लोक 'देवळात गेली होतीस का' विचारायचे. ती 'हो' म्हणायची.

काम मोठं कसबाचं होतं. कापसाचे दोन वाण एकत्र करून नवीन बी तयार करायचं. संध्याकाळी ताटव्यात हिंडून उद्या उमलणारी कळी कोणती ते ओळखायचं, नखानं ती अलगद सोलायची, आतला पिवळा भुरका असलेले केसर काढून टाकायचे, मधली काडी दुखवायची नाही, आणि वर कागदाची पिशवी चढवायची. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचा भुरका त्या काडीला लावायचा आणि दोरा बांधायचा. लाल दोरा एका वाणाचा, पिवळा दुसऱ्याचा. अक्काला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या वाफ्यात कुठला दोरा हे सगळं तिच्या डोक्यात. फार्मवरचा मुकादम तिला विचारून वहीत लिहायचा. सुट्टीत मी गावी गेलो की ती मला हे रात्रंदिवस सांगायची. शंभरात किती बोंडं धरली ते सांगायची. मी ऐकत असे आणि मनात म्हणत असे, हे हिनं हैदराबादेत कुणापुढे बोलू नये.

आता यादीचं. राज्याची वाटणी होताना जिल्ह्याजिल्ह्यातले सरकारी फार्मही वाटले गेले, आणि वरून हुकूम आला की ज्या मजुरांची तीन वर्षं हजेरी भरली आहे त्यांची यादी करून नव्या राज्याला द्यावी. तिथं त्यांना कायम करणार होते. हजेरीपट सगळे उर्दूत. ते बघून इंग्रजीत यादी टाइप करायची. आमच्या जिल्ह्याचा हजेरीपट अर्थातच माझ्या टेबलावर आला, कारण गावांची नावं मला माहीत होती.

कळ्या बांधणाऱ्या एकोणीस बायका. चौथ्या ओळीत अक्का. नवऱ्याच्या नावानं लिहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती माहेरून कामाला जायची, तेव्हा फार्मवाल्यांनी तिला वडिलांच्या नावानं लिहिलं होतं. तिचं नाव, मग 'दुख्तर', म्हणजे मुलगी, मग माझ्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव, आमचं गाव. माझ्या नोकरीच्या कागदावर माझ्या नावापुढे हेच सगळं होतं. मुन्तजिमसाहेबांनी माझी पत्रिका मागून घेतली होती. त्यावरही हेच होतं.

मी अठरा नावं टाइप केली.

एवढ्यावर भागणार नव्हतं, कारण प्रत्येक यादीचा पडताळा होई. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्यावर खूण करायची. आमच्या शाखेत खुणा मुन्तजिमसाहेब स्वतः करत. मी म्हणालो, हजेरीपटाचं अक्षर वाईट आहे, मी वाचतो. ते म्हणाले, हौ, वाचा. मी पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं, आणि बोट चौथ्या ओळीवरून तसंच पुढे नेऊन पाचवं वाचलं. त्यांची पेन्सिल टक टक करत खाली गेली. शेवटी त्यांनी सही केली आणि म्हणाले, "तुमचं काम साफ असतं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर बरं वाटलं. कौतुकानं बरं वाटलं. लाज नंतर आली, आणि तीही हप्त्याहप्त्यानं. पहिल्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की अक्काला काय करायचंय कायम होऊन, लग्न झालं की मी तिला इकडेच आणणार. आणणार होतो की नाही, ते मला माहीत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका सकाळी चपराशी आत आला आणि म्हणाला, "साब, एक औरत आए, तुमारे गांव के बोल रे." मी बाहेर गेलो तर व्हरांड्यात अक्का. हातात गाठोडं, पायांवर धूळ, काचीगुडा स्टेशनहून विचारत विचारत चालत आलेली. तिला माझी खोली माहीत नव्हती. कचेरीचं नाव तेवढं पाठ होतं.

मी तिला दोन वाक्यंही बोलू दिली नाहीत. हाताला धरून, खरं म्हणजे कोपराला ढकलत, मी तिला मागच्या जिन्यानं खाली उतरवलं आणि खोलीवर नेलं. तिथं तिनं सांगितलं ते असं. नव्या राज्याचा साहेब फार्मवर आला, यादी वाचून दाखवली, अठरा जणींचे अंगठे घेतले. हिचं नाव नाही. मुकादमानं आपल्याकडची हजेरीची वही दाखवली, साहेब म्हणाला मला हैदराबादहून आलेली यादी कळते, वही कळत नाही. महिनाअखेरच्या आत हैदराबादच्या कचेरीनं दुरुस्तीचा कागद दिला तर नाव चढेल.

"समद्या बाया म्हनल्या, तुझा भाऊच तितं हाय, तुला काय घोर," अक्का म्हणाली. "म्या म्हनलं, आसंल कायतरी घोटाळा. एवढ्या मोठ्या कचेरीत एक नाव सांडलं आसंल. तू बगशील ना?"

"बघतो," मी म्हणालो.

"तुला तरास तर हुनार न्हाई? वाटन्या चालूयात म्हनं. तुझी नोकरी हाय ना पक्की?"

आपली नोकरी गेली ते विचारायला आलेली बाई माझ्या नोकरीची काळजी करत होती. मी चिडलो. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे आणि बायकोनं पुढे ती चाळीस वर्षं सोसली. मी अक्काला म्हणालो की पत्र टाकायचं सोडून अशी एकटी कशाला आलीस. पत्र कुणाकडून लिहवून घेणार होती ती? ज्याच्याकडून लिहवून घ्यायचं तो तर इथं होता.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि तिला अफझलगंजला नेलं. नदीकाठच्या मोठ्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर सावलीत बसवलं. तिला सांगितलं की दुरुस्तीचं दफ्तर इकडच्या बाजूला आहे, बायकांना आत सोडत नाहीत, मी जाऊन येतो. मग मी रस्ता ओलांडून इराण्याच्या हॉटेलात गेलो आणि खिडकीतून ती दिसणार नाही अशा खुर्चीवर बसून दोन चहा प्यालो. तासानं परत गेलो. तोवर तिनं शेजारी बसलेल्या एका तेलुगू म्हातारीला खाणाखुणांनी कळी कशी सोलायची ते शिकवायला घेतलं होतं. म्हातारीनं तिचा अंगठा हातात धरून नख बघितलं. दोघी हसत होत्या.

"कागद मुंबईला गेले," मी म्हणालो. "आता इथून काही होणार नाही."

"समदे?"

"सगळे."

ती उठली, लुगडं झटकलं. "तुझा साहेब तर मराठीच हाय म्हनलास ना. म्या सांगते त्याला. म्हनावं, चल फार्मवर, कुठला बी वाफा दाव, मी दोरा न बगता वाण सांगते. मंग त्यालाच कळंल मी हाय का न्हाई त्या कामावर."

"साहेब दौऱ्यावर गेलेत."

ती पायऱ्या उतरली. परत येताना ती माझ्या दोन पावलं मागं चालत होती, गावात चालतात तशी, आणि मला तेही नको होतं. कुणी बघेल म्हणून मी आणखी भराभर चालत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तिला पाठवायचं ठरवलं. कचेरीत सही करून लगेच येतो, तू खोलीतच थांब, असं बजावून मी निघालो. अकराच्या सुमाराला व्हरांड्यात बोलण्याचा आवाज आला. मुन्तजिमसाहेबांचा आवाज. मी बाहेर धावलो तर ते उभे होते आणि त्यांच्यासमोर अक्का. चपराशानं तिला साहेब कोण ते बोटानं दाखवलं होतं. म्हणजे साहेब दौऱ्यावर नाहीत, हे तिला कळून चुकलं होतं.

"ह्या ताई म्हणतात, फार्मचं काम आहे," मुन्तजिमसाहेब म्हणाले. "तुमच्या गावच्या आहेत म्हणे. कोण ह्या?"

मला पुष्कळ वेळ मिळाला असं आजही वाटतं. 'माझी बहीण' एवढं म्हणायला काय लागतं?

"शेजारच्या आहेत," मी म्हणालो. "गावाकडच्या. आमच्या घराशेजारी राहतात."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, आमच्या घरातल्या बायका परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि मुन्तजिमसाहेबांकडे वळली.

आणि तो माणूस किती चांगुलपणानं वागला. मला वाटलं होतं, झटकून टाकतील. त्यांनी चपराशाला पाणी आणायला सांगितलं, बाकावर जागा करून दिली. म्हणाले, "कायम करायच्या यादीचं ना? नाव राहिलं असेल तर होते दुरुस्ती. असं दोन-तीन जिल्ह्यांत झालंय. मूळ हजेरीपट आणि नकल दोन्ही माझ्याच कपाटात आहेत, आत्ता बघतो. नाव सांगा ताई. तुमचं, वडिलांचं, गावाचं." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हातातल्या कागदाची मागची बाजू वर केली.

म्हणजे कागद मुंबईला गेले नव्हते, हेही तिला तिथंच कळलं.

तिला फक्त नाव सांगायचं होतं. तेवढ्यासाठी ती रात्रभर गाडीत बसून आली होती. तिचं नाव, आमच्या वडिलांचं नाव, आमचं गाव. मुन्तजिमसाहेबांची पेन्सिल कागदावर टेकलेली. मी त्यांच्या मागं उभा. मी तिच्याकडे बघत होतो. विनवणी करून बघत होतो, हे लिहायला मला कष्ट पडतायत, पण तसंच बघत होतो.

"माजं न्हाई साहेब," अक्का म्हणाली. "दुसऱ्या येका बाईचं हाय. तिच्या बापाचं नाव मला ठावं न्हाई. इचारून येते."

"लवकर या. महिना सरला की माझ्याही हातात राहणार नाही."

"येते. ह्या साहेबानी लई मदत केली," तिनं माझ्याकडे हात केला. "बरं झालं, वळखीचं मानूस हाय."

मुन्तजिमसाहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, गावाकडच्यांना धरून असावं, चांगली गोष्ट आहे. आणि आत गेले.

पुढचं इथंच सांगून टाकतो. ती परत आली नाही, महिना सरला. फार्मवरच्या अठरा जणी कायम झाल्या. त्यांना रजा मिळाली, पगारी सुट्ट्या मिळाल्या, म्हातारपणी पेन्शन मिळालं. अक्कानं आणखी दोन हंगाम रोजंदारीवर काढले, मग नवीन साहेबानं यादीबाहेरची माणसं बंद केली. तिचे वाफे तिनंच शिकवलेल्या एका मुलीकडे गेले. त्यानंतर ती गावातल्या शेतांतून खुरपायला जायची, सुपातल्या धान्यावर. मला इथं राहायची परवानगी मिळाली, शिफारस मुन्तजिमसाहेबांची. बायकोनं लग्नानंतर नारायणगुड्यातल्या शाळेत नोकरी धरली, आणि माझी बायको नोकरी करते हे मी चारचौघांत मुद्दाम सांगायचो. सासूबाईही सांगायच्या. दहा-बारा वर्षांत एवढं सगळं बदललं होतं. निवृत्त झाल्यावर सासरे एकदा बोलता बोलता मला म्हणाले, त्यांची स्वतःची आई लोकांच्या शेतात वेचणीला जायची, आणि त्यावरच ते शिकले. मला म्हणाले, तुम्हाला सांगायला काय लाजायचं. मी तेव्हाही गप्प बसलो. अक्का तोवर गेली होती.

तर त्या दुपारी आम्ही काचीगुड्याला चालत निघालो. कोठीत कापडाची दुकानं लागली तेव्हा मी तिला विचारलं, लुगडं घेऊ का. तिनं ऐकलंच नाही असं केलं. स्टेशनवर गाडी लागलेली होती. ती बायकांच्या डब्यात खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. मी खाली फलाटावर उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की पाणी आणतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. यादी तूच लिवलीस?"

"हो."

"वाचून बी तूच दावलीस?"

"हो."

फार्मवर आधीच उमललेली कळी हाताला लागली की अक्का ती निकामी म्हणून सोडून पुढच्या झाडाकडे जायची. तशीच ती माझं 'हो' सोडून पुढच्या प्रश्नाकडे गेली. एकही शब्द रागाचा बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, माझी बाजू मांडली असती, मला तेवढंच येतं.

"लगीन कवा धरलंय?" तिनं विचारलं. साहेबांच्याच मुलीशी ठरल्याचं मी तिला आधी सांगितलं होतं.

"माघात."

"मी येनार न्हाई मंग."

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हणालो, "असं का? रागावलीस का?"

"राग कशाचा. त्या मानसानं मला बगितलंय. शेजारीन म्हनून बगितलंय. मांडवात तुझी बहीन म्हनून मी कोपऱ्यात हुबी ऱ्हायले तरी त्यो वळखनार न्हाई का?" ती हे अगदी शांतपणे सांगत होती, मुकादमाला वाफ्याचा हिशेब सांगावा तशी. "चुलत्याच्या पोरीला करवली कर. आक्का आजारी हाय म्हन. गावात मी बी तसंच सांगते."

व्हरांड्यात उभी असताना, पदर पुढे ओढताना तिनं हे सगळं धरलं होतं. मला मात्र दोन तास झाले तरी सुचलं नव्हतं. आईवडिलांमागं जिनं मला वाढवलं ती माझ्या लग्नाला असणार नव्हती, आणि ते तीच मला सांगत होती, मला अडचण होऊ नये म्हणून.

मी 'असं काय बोलतेस' म्हणायला हवं होतं. डब्यात चढून तिला खाली उतरवायला हवं होतं, कचेरी सुटायला अजून वेळ होता, पेन्सिल होती, कपाट होतं. हे सगळं मला त्यानंतर रोज सुचलं. पण त्या वेळी, त्या फलाटावर, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं. ती बघतच होती. तिनं मान खिडकीतून आत घेतली आणि पलीकडं तोंड करून बसली. गाडी सुटायला अजून अवकाश होता.